आपोआप चालणारा गाडा

कातळवाडी, ता. मुळशी
४ मार्च १९८२

ती. ज्ञानदेवदादास धाकट्या अनुसयेचा नमस्कार.

संक्रांतीच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. त्याचा राग मी सवडीनं काढीन. आज घाबरले आहे म्हणून लिहिते आहे, आणि घरात भीती बोलून दाखवली की सगळे हसतात.

भैरोबाचा गाडा तू पाहिला आहेस. चैत्री पुनवेला देव देवळातून निघतो आणि गाड्यात बसून माळावरच्या पारापर्यंत जातो. बैल जुंपायचे नाहीत, गड्यांनीच ओढायचा, असा इथला नेम आहे. पण ओढायला गडी राहिलेत कुठे? तरणे सगळे पिंपरीच्या कारखान्यांत, आणि पाळी बुडवून कुणी येत नाही. गेल्या साली गाडा अर्ध्या माळावर अडकला आणि देव दिवसभर उन्हात बसून राहिला. त्यानंतर गावात जे जे वाईट झालं ते सगळं त्याच्याच माथी मारलं गेलं.

आता यावर आमच्या ह्यांनी तोड काढली आहे. ह्यांच्या कारखान्यात कुणीतरी खेळण्यातली एक गाडी मांडली होती. गाडीवर उभी काठी, काठीवरून दोरी, दोरीच्या एका टोकाला वजन आणि दुसरं टोक आखाला गुंडाळलेलं. वजन खाली येतं, दोरी उलगडते, आख फिरतो आणि गाडी चालते. ती बघून आल्यापासून ह्यांचं जेवणात लक्ष नाही. देवाच्या गाड्याची चाकं आखाला पक्की ठोकली, म्हणजे आता चाकांबरोबर आखही लाकडी खाचेत फिरतो. वर सागाचा उंच खांब रोवला. वजन म्हणून खळ्यावरचा जुना दगडी रूळ घेतला. तो चार माणसांनी कप्पीवरून वर चढवायचा, खुंटी काढायची, की गाडा आपोआप चालणार. मामंजी गावभर सांगत सुटले आहेत, "माझ्या किसननं देवाला पाय दिलं."

हे सगळं खुशाल चालू दे. पण देवापुढं गाड्यात नवसाचं मूल बसवतात, आणि यंदा ते मूल म्हणजे आमची सगुणा आहे. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली पोर. पडू नये म्हणून लुगड्याच्या पट्टीनं आसनाला बांधतात. गडी ओढत असते तर एका हाकेत थांबले असते. दगडाला मी काय हाक मारू? पाराच्या पुढं माळ उतरतो तो थेट धरणाच्या पाण्यात जातो. गाडा पाराशी थांबला नाही तर?

हे माझं ऐकत नाहीत. तू सायन्सचा मास्तर, तुझं ऐकतील. गाडा थांबेल की नाही, खरं काय ते लिही.

तुझी,
अनुसया

*

पारोळा
११ मार्च १९८२

चि. सौ. अनुसयेस दादाचे आशीर्वाद.

परीक्षेच्या कामात मान वर करायला फुरसत नव्हती. तरी तुझा राग मी पदरात घेतो, एवीतेवी तू तो सोडणार नाहीसच.

आधी किसनरावांना माझी शाबासकी सांग. मी इथं फळ्यावर चित्र काढून जे शिकवतो, ते त्यांनी लाकूड ठोकून उभं केलं. आता तुझ्या भीतीचं बघू. लहानपणी विहिरीत वाकून बघायला तू घाबरायचीस, तेव्हा मी तुला दोरीला दगड बांधून पाणी किती खोल आहे ते दाखवलं होतं. तेच पुन्हा करू.

गाडा आपोआप चालत नाही, हे पहिल्यांदा ध्यानात घे. रूळ वर चढवताना चार माणसं जेवढे श्रम घालतात, तेवढेच गाड्याला मिळतात. वरकड एक चिमूट नाही. ऊर्जा नव्यानं तयार होत नाही आणि नाहीशीही होत नाही, एका घरातून दुसऱ्या घरी जाते एवढंच. रूळ वर असतो तेव्हा ती रुळात असते. तो खाली येऊ लागला की थोडी चाकांच्या वेगात जाते आणि बाकीची आखाच्या खाचेत. गाडा कुरकुरतो, खाच तापते, तो सगळा तिचाच खर्च. रूळ ही गाड्याची शिदोरी. शिदोरी संपली की मुक्काम.

आता तुम्ही असं करा. सगुणेच्या जागी तांदळाचं पोतं ठेवा आणि गाडा सोडून बघा. कुठं थांबतो, पाराच्या किती अलीकडं, आवाज किती करतो, खाच किती तापते, हे मला कळव. मी हिशेब करून सांगतो. न मोजलेल्या गोष्टीची माणसाला भीती वाटते. मोजली की जाते.

तुझा,
ज्ञानदेव

*

कातळवाडी
१८ मार्च १९८२

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. शाबासकीचा भाग दोनदा वाचायला लावला.

रविवारी गाडा सोडला. सगळा गाव माळावर जमला होता. रूळ वर चढवताना माणसांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मग ह्यांनी खुंटी काढली. आधी काहीच झालं नाही. मग दोर ताणला आणि गाडा हलला. दादा, माझ्या अंगावर काटा आला. ओढायला कुणी नाही, ढकलायला कुणी नाही, आणि तेवढा मोठा गाडा चालत निघालेला. बायकांनी हात जोडले. मी पोरीला पोटाशी धरून उभी होते.

आवाजाचं विचारलंस. असा करकरत होता की गावातली कुत्री भुंकायला लागली आणि मामंजींनी कानांत बोटं घातली. चाल म्हणशील तर म्हाताऱ्या माणसाची. रूळ तळाला टेकला आणि थोडं पुढं जाऊन गाडा उभा राहिला, पाराच्या बराच अलीकडं. मी खाचेला बोट लावलं तर चटका बसला. पुन्हा पुन्हा सोडून पाहिला, तरी त्याच जागी थांबला. शेवटची वाट गडी ढकलून नेतील, असं ठरलं आहे.

शेजारच्या रंभाबाई माझ्याकडं बघून हसत होत्या. त्यांचा नातू जयसिंगही नवसाचाच, पण त्याची पाळी पुढच्या साली. मला म्हणाल्या, "तुला भ्या वाटत असंल तर माझं पोर बसवते की यंदा." मी नाही म्हटलं. देवापुढं बसायचा मान कुणी सोडतं का?

पण रात्री डोळा लागत नाही. डोळे मिटले की गाडा पाराच्या पुढं जाताना दिसतो. तुझा हिशेब लवकर पाठव.

तुझी,
अनुसया

*

पारोळा
२४ मार्च १९८२

चि. सौ. अनुसयेस आशीर्वाद.

हिशेब केला. रुळाचं वजन किसनरावांनी तुझ्या पत्राखाली लिहून दिलं होतं, ते बरं झालं. दोन वेगवेगळ्या रीतींनी करून पाहिला आणि नववीच्या वर्गाकडूनही करून घेतला. सगळ्यांचं उत्तर एकच.

तुमचा गाडा पाराच्या पुढं जाणार नाही. जाऊच शकत नाही. त्याच्यापाशी तेवढी ऊर्जाच नाही. रूळ जे देतो त्यातलं बहुतेक सगळं ती करकर खाऊन टाकते, आणि उरतं ते म्हाताऱ्याच्या चालीपुरतं. देव, पोर आणि पोतं यांच्या वजनात फरक पडेल तो नावापुरता. ज्या जागी रविवारी थांबला, त्याच जागी पुनवेला थांबेल. हे मी तुला माझ्या सहीनं लिहून देतो.

आता रात्रीची झोप घे. सगुणेला नवं झबलं शिव आणि देवापुढं बसव. तिचा मामा सायन्सचा मास्तर आहे, तिला कसलं भय? परीक्षेमुळं मला येता येत नाही, याचं वाईट वाटतं. पाराशी गाडा उभा राहिला की माझ्या नावानं एक नारळ फोड.

तुझा,
ज्ञानदेव

*

कातळवाडी
३१ मार्च १९८२

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या रात्री मी आडवी झाले ती एकदम कोंबड्यालाच उठले. ह्यांनी विचारलं, आज काय झालं? मी म्हटलं, माझ्या भावानं सहीनं लिहून दिलं आहे. सही बघायला हे पत्र हातात घेऊन दारात गेले. आता मलाच माझ्या भित्रेपणाचं हसू येतं.

पाडवा चांगला झाला. सगुणेला हिरवं झबलं शिवलं, त्याला रंभाबाईंनी लाल काठ लावून दिला. पोर दिवसभर पाटावर बसून "गाला, गाला" म्हणत पुढं सरकते.

मुंबईला असलेली आमची भावकी जत्रेला दोन दिवस आधीच येईल, म्हणून घरात पीठ-मीठ भरून ठेवलं. आदल्या दिवशी आखाला तेल घालायचं, त्यासाठी मी करडईचं चांगलं घाणीचं तेल आणून ठेवलं आहे. तू आला होतास तेव्हा ते तुला बघायला मिळालं नव्हतं. चौदसीला प्रत्येक घरची बाई वाटीभर तेल घेऊन देवळात येते आणि आखाच्या दोन्ही बाजूंना ओतते, यंदा त्या नव्या खाचांत. देवाच्या वाटेवर करकर होऊ नये, झाली तर त्या वर्षी घराघरांत भांडणं होतात म्हणतात. एरवी वर्षभर त्या आखाला तेलाचा थेंब लावायचा नाही, देवाचं तेल देवाच्या दिवशीच. रात्रभर मुरलं की सकाळी गाडा लोण्यासारखा हलतो. यंदा मामंजींनी सगळ्यांना दुप्पट आणायला सांगितलं आहे, कारण त्या रविवारची करकर त्यांच्या कानांतून अजून जात नाही.

नारळ तुझ्या नावानं नक्की फोडीन. तुझ्यामुळं माझी जत्रा सुखाची होणार.

तुझी,
अनुसया

*

पारोळा
५ एप्रिल १९८२

अनु,

तुझं पत्र दुपारी शाळेत मिळालं. वाचता वाचता हातातला खडू खाली पडला. तसाच पोस्टात धावलो आणि तार केली. तारेत एवढंच लिहिलं: मुलीला गाड्यात बसवू नये. पोस्टमास्तरांनी शब्द मोजले आणि मी ते आणखी कापले. ती तुला वेळेत मिळाली असेल असं धरून हे लिहितो आहे.

अनु, तू तेलाचं मला आधी का नाही लिहिलंस? पण तू का लिहिशील, तुम्हाला ते पाण्याइतकं सवयीचं. मीच विचारायला हवं होतं. मी कोरड्या आखाचा हिशेब केला आणि सही ठोकून मोकळा झालो. रूळ जे देतो ते करकर खाते, असं मीच तुला लिहिलं ना? आता ती खाणारीच गेली. मग ते सगळं चाकांत जाणार. गाडा म्हाताऱ्याच्या चालीनं जाणार नाही, पळणार. रूळ टेकला तरी थांबणार नाही. पारापर्यंत माळ सपाट आहे आणि पुढं उतार, हे तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस आणि मी ते वाचून सोडून दिलं. उतारावर लागला की त्याला रुळाची गरजही उरत नाही.

किसनरावांना सांग, रूळ अर्ध्यावरच चढवा, आणि गाड्याच्या मागं जाड दोर बांधून तो देवळाच्या खांबाला अडकवा. ते ऐकणार नसतील तर गाड्याचं काय व्हायचं ते होऊ दे. फक्त पोरीला बसवू नकोस. काहीही सांग, आजारी आहे सांग, पण तिला बसवू नकोस.

मिळताक्षणी उत्तर पाठव.

ज्ञानदेव

*

पारोळा
१४ एप्रिल १९८२

अनु,

पुनव होऊन गेली. तुझं पत्र नाही, किसनरावांचं नाही. पोस्टमन दिसला की मी वर्गातून बाहेर येतो, आणि तो पुढं निघून गेला की मला सुटल्यासारखं वाटतं. असं कशाला वाटावं?

शनिवारी मी पुण्याला यायला निघालो होतो. पिशवी घेऊन एसटी स्टँडवर गेलो, तिकीटही काढलं. गाडी लागली आणि मी चढलो नाही. तुमच्या दारात पोचल्यावर पुढं काय दिसेल, याची मला भीती वाटली. मी परत खोलीवर आलो आणि कडी लावून बसलो. नववीची मुलं विचारतात, सर, गाडा थांबला का? मी त्यांना गप्प बसवतो.

सगुणा बरी आहे, एवढ्या तीन शब्दांचं कार्ड टाक.

ज्ञानदेव

*

कातळवाडी
१९ एप्रिल १९८२

ती. दादास नमस्कार.

सगुणा बरी आहे. तुझे तीन शब्द मी आधी लिहिले. बाकीचं सावकाश वाच.

तुझी तार पुनवेच्या सकाळी आली. पौडच्या पोस्टातून माणूस सायकलीवर आला होता. मी पोरीला झबलं घालत होते. तारेत कारण नव्हतं. मला वाटलं, माझी भीती आता दादाला लागली. पण तार मी कमरेला खोचली. ह्यांना दाखवायची हिंमत झाली नाही, कारण हे देवळात होते, भोवती सगळा गाव, आणि ह्यांच्या अंगात नवा सदरा होता. मी झबलं काढलं, पोरीला गोधडीत गुंडाळलं आणि मामंजींना सांगितलं की हिला ताप भरला आहे.

मामंजी कपाळाला हात लावून बसले. नवसाचं आसन रिकामं न्यायचं नाही, तसा नेम आहे. कुणाला बसवायचं यावर देवळात बोलणं झालं. रंभाबाई पुढं आल्या. म्हणाल्या, "देवानंच आमची पाळी आधी आणली." त्यांनी माझ्याच हातातलं हिरवं झबलं मागून घेतलं आणि जयसिंगला घातलं. त्याला ते आखूड होत होतं. दादा, मी ते दिलं. मी तिथं उभी होते, माझ्या कमरेला तुझी तार खोचलेली होती, आणि मी झबलं दिलं.

गाडा निघाला तेव्हा आवाजच झाला नाही. बायका म्हणाल्या, देव प्रसन्न आहे. मग तो जोरात जायला लागला. हे शेजारून चालत होते ते पळायला लागले. रूळ तळावर आपटला आणि गाडा तसाच पुढं गेला. ह्यांनी मागच्या दांडीला हात घातला, फरफटत गेले, पण दांडी सोडली नाही. पार मागं पडला. उतारावर गाड्याची मागची बाजू उसळायला लागली आणि तेव्हा कुठं मला माझाच आवाज ऐकू आला. मी सगुणेच्या नावानं ओरडत होते आणि सगुणा माझ्या कडेवर होती.

गाडा पाण्यात गेला आणि कलंडला. जयसिंगला आसनाला बांधलेलं होतं. पट्टीची गाठ पाण्यात सुटत नव्हती. ह्यांनी ती दातांनी तोडली. पोराला बाहेर काढलं तेव्हा ते श्वास घेत होतं, पण त्यानं डोळे उघडले नाहीत. ट्रकमधून पुण्याच्या दवाखान्यात नेलं. अजून तिथंच आहे. अजून डोळे उघडले नाहीत. आईबाप त्याच्यापाशी आहेत. ह्यांचे दोन्ही गुडघे सोलून निघाले आहेत. गाव ह्यांना बोल लावत नाही. आखाला तेल आपणच घातलं, आपणच गाडा सोडला, असं म्हणून सगळे खाली मान घालतात.

तुझं मोठं पत्र पुनवेनंतरच्या शनिवारी मिळालं, सगळं झाल्यावर. त्यात तू लिहिलंस, गाड्याचं काय व्हायचं ते होऊ दे. तू घाबरून लिहिलंस, मला कळतं. कारण माहीत नव्हतं असं मीही म्हणू शकते. पण कारण माहीत नसताना मी माझं मूल काढून घेतलं आणि दुसऱ्याचं बसवू दिलं. म्हणजे मला पुरेसं माहीत होतं.

रंभाबाई इथंच आहेत, म्हशी सोडून जाता येत नाही म्हणून. रोज दिवेलागणीला येतात. देवाचा अंगारा आणतात आणि सगुणेच्या कपाळाला लावतात. विचारतात, पोरीचा ताप उतरला का? म्हणतात, दोघांपैकी एकाला तरी लवकर बरं वाटू दे. त्या यायच्या वेळेला मी पोरीला धरून गोधडीखाली झोपवते. एवढ्या उकाड्यात. पोर रडते, बाहेर खेळायचं म्हणते, आणि रंभाबाईंना वाटतं तापानंच रडते आहे. ताप उतरला असं मला त्यांना सांगता येत नाही, आणि ताप नव्हता असं तर मुळीच नाही.

काल त्यांनी अंगारा लावला आणि हात काढला नाही. सगुणेचं कपाळ गार होतं. त्यांनी तिच्या मानेला हात लावला, मग पोटाला. मग माझ्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "अनुसया, ताप कवा उतरला गं? पोराला बसवायच्या आदी का मागनं?"

मी पोरीच्या अंगावर गोधडी पुन्हा ओढली. त्या अंगाऱ्याची पुडी तिथंच ठेवून उठल्या आणि गेल्या.

तुझी तार मी अजून ह्यांनासुद्धा दाखवलेली नाही. दादा, आता तू ये. पिशवी घेऊन परत जाऊ नकोस. त्यांच्या दारात मी एकटी जाऊ शकत नाही. तार तुझी होती आणि झबलं मी दिलं, तेव्हा आपण दोघांनीच जायला पाहिजे.

आज दिवेलागण होऊन गेली. मी दारात बसून हे लिहिते आहे. रंभाबाई अजून आल्या नाहीत. त्या येतील म्हणून मला भीती वाटते, आणि आता कधीच येणार नाहीत म्हणूनही वाटते.

अनुसया